दर सतरा मीटरला एक डाग

या टिपणाचा प्रश्न सुरुवातीलाच मांडते. आमच्या पेपर मिलमध्ये तयार झालेल्या पांढऱ्या टिश्यू कागदावर दर सतरा मीटर वीस सेंटिमीटरला एक तांबूस डाग उमटत होता. तो कुठून येत होता? आणि तो एका माणसाच्या तोंडातून आलेला नाही, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला नऊ दिवस का लागले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सातवीच्या विज्ञानाचे आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मला अजूनही राग आवरावा लागतो, आणि त्या रागाचा मोठा वाटा माझा माझ्यावरचाच आहे.

धुळ्याच्या एका विनाअनुदानित शाळेत मी अकरा वर्षे विज्ञान शिकवले. पुढे घर जळगावला आले आणि नशिराबादच्या पुढे, महामार्ग सोडून आत असलेल्या या मिलच्या प्रयोगशाळेत मला काम मिळाले. काम म्हणजे कागदाचे वजन, ओलावा व मऊपणा तपासणे, डाग मोजणे आणि सगळे नोंदवहीत लिहिणे. शाळेची सवय सुटलेली नाही. मी अजूनही तारखेखाली पट्टीने रेघ ओढते, आणि निरीक्षण व अनुमान वेगवेगळ्या रकान्यांत लिहिते. या सवयीचा मला अभिमान होता. तो या प्रकरणात बराच उतरला.

डागाकडे येण्याआधी यंत्र समजून घ्यावे लागेल. कागदाचा लगदा ताकासारखा पातळ करून फिरत्या जाळीवर सोडतात. पाणी गळून जाते आणि जाळीवर ओली, दुबळी साय उरते. ती स्वतःचा भार पेलू शकत नाही, म्हणून तिला फेल्ट उचलून घेते. फेल्ट म्हणजे घोंगडीइतके जाड, नायलॉनचे, पांढरेशुभ्र वस्त्र. त्याला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. पट्ट्यासारखे ते रुळांभोवती अखंड फिरत राहते, ओल्या कागदाचे पाणी शोषते आणि तो कागद वाफेने तापलेल्या मोठ्या ड्रमवर नेऊन दाबते. ड्रमवर कागद क्षणात सुकतो व पुढे एक धारदार पाते त्याला खरवडून काढते. खरवडताना कागदाला डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक चुण्या पडतात. टिश्यूचा मऊपणा म्हणजे या चुण्या. मी हे दरवर्षी मिल पाहायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगते.

यंत्राच्या ओल्या बाजूचे प्रमुख होते नाना. मूळचे साक्रीकडचे, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. फेल्ट बदलणे हे त्यांचे खास काम. फेल्टवर आडवी एक निळी रेघ विणलेली असते. फेल्ट सरळ बसले तर फिरताना ती रेघ सरळ दिसते, नाहीतर धनुष्यासारखी वाकते. नाना धावत्या यंत्रावर ती रेघ नुसत्या नजरेने पकडत असत. मला त्यासाठी विशेष दिवा लागतो.

नानांची एक पद्धत होती. आपल्याकडे नवे कापड अंगावर घालण्याआधी कोपऱ्याला हळदीचे बोट लावतात. फेल्टही नवे वस्त्रच, म्हणून नाना त्याला ओल्या हळदीचे बोट लावल्याशिवाय यंत्र सुरू करू देत नसत. कोणाची हरकत नव्हती, कारण नाना ते नेहमी अगदी किनारीला लावत. कागदाच्या दोन्ही कडा पुढे कापून परत लगद्यात टाकल्या जातात. तिथे डाग पडला काय आणि न पडला काय.

त्या मंगळवारी नवे फेल्ट चढवले तेव्हा नाना यंत्राच्या पलीकडच्या बाजूला, हात तेलाने माखलेले, आठ माणसांना ओढायला लावत होते. हळदीची वाटी अलीकडे होती. त्यांनी तिकडूनच मला हाक दिली.

"मॅडम, तुमच्या हातानं बोट लावा. लेकीबाळीचा हात बरा."

"कुठे लावू?"

"फेल्टले," ते म्हणाले, आणि त्यांच्या मागे उभे असलेले सगळे हसले.

मी विचार केला. ज्याला सुरुवात नाही त्याचा कोपरा कोणता मानावा? निळी रेघ ही एकच ठाम खूण. म्हणून मी रेघेवर, आणि रेघेवरही बरोबर मधोमध, एकाऐवजी चार बोटे उमटवली. माझ्या दृष्टीने ते जास्त व्यवस्थित होते. नंतर पाण्याचे फवारे सुरू झाले, हळद डोळ्यांदेखत धुऊन गेली आणि मीही ती विसरले.

फेल्टमध्ये लगद्याचा चिकटा साचतो, म्हणून दर काही दिवसांनी ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतात. पहिली धुलाई झाली आणि दुसऱ्या दिवशी नॅपकिन बनवणाऱ्या ग्राहकाचा फोन आला. कागदावर तांबूस-तपकिरी डाग आहेत, चार बोटे रुंद, आणि ओळीत येतात.

मी एक रोल उलगडून जमिनीवर टेप लावली. एकेक अंतर मोजले. सतरा मीटर वीस, सतरा मीटर अठरा, सतरा मीटर बावीस. इतके नेमके अंतर पाहून मला आनंदच झाला, कारण नियमित अंतर म्हणजे दोषी सापडल्यात जमा. यंत्राचा प्रत्येक फिरता भाग आपल्या लांबीच्या अंतराने खूण सोडतो. ड्रमचा घेर पावणेआठ मीटर. जाळी चौदा मीटर. फेल्ट एकवीस मीटर. सतरा यांपैकी कोणाचेच नाही. मी तीनदा मोजले. मग अनुमानाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले: "डागांचे अंतर ड्रम, जाळी वा फेल्ट यांपैकी कशाशीही जुळत नाही. सबब दोष यंत्राच्या वस्त्रांचा नाही." खाली सही केली.

हे वाक्य घेऊन व्यवस्थापक साहेब थेट यंत्रावर गेले.

साहेब वाईट माणूस नव्हते. ग्राहकाने माल परत पाठवला होता आणि मालकांना पाठवायच्या छापील तक्त्यात कारणासाठी तीनच चौकटी होत्या: यंत्र, माल, माणूस. यंत्र मी खोडून दिले होते. लगदा सगळ्या रोलांना एकच, मग डाग ओळीत कसे, म्हणून माल त्यांनी खोडला. उरला माणूस. डागाचा रंग तंबाखूच्या थुंकीसारखा होता, आणि ओल्या बाजूला दिवसभर उभा राहणारा माणूस एकच, ज्याच्या शर्टाच्या खिशात कायम एक पुडी असे.

पुडीत बडीशेप होती. तंबाखूने नानांचे तोंड उघडेनासे झाले होते, म्हणून डॉक्टरांनी ती काही वर्षांपूर्वी बंद केली होती, आणि हे साऱ्या मिलला माहीत होते. पण माहीत असणे आणि तक्त्यात चौकट भरणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे मी त्या आठवड्यात शिकले.

साहेबांनी नानांना सांगितले की, महिनाअखेरीपर्यंत दुसरे कारण सापडले नाही तर त्यांना यंत्रावरून हलवून गोदामात रोल मोजायला बसवतील. पगार तोच राहील. साहेबांना वाटले, पगार तोच म्हटल्यावर विषय संपला.

नानांनी आधी शांतपणे हिशोब मांडला. मी तिथेच होते.

"साहेब, फेल्ट चार सेकंदांत एक फेरा मारतं. डाग दर फेऱ्याला. म्हणजे मी दर चार सेकंदांनी एकाच जागी थुंकतो, आठ तास. जेवायला जातो तेव्हा कोण थुंकतं?"

"एकदा थुंकलं की फेल्टला लागून राहतं ना, नाना."

"मग फेल्टचा डाग झाला."

"मॅडमनी लिहिलंय, फेल्टचा नाही."

नाना माझ्याकडे वळले. मी होकारार्थी मान हलवली. मोजमाप तसे होते, आणि मोजमाप बदलणे मला पाप वाटत होते.

"मग तुम्ही लगद्याच्या टाकीत थुंकला असाल," साहेब म्हणाले.

"टाकीतून डाग पट्टीने मोजून बाहेर येतो का?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. फेल्टचा डाग नाही एवढे त्यांनी माझ्या नोंदवहीतून घेतले होते. अंतर नियमित आहे, हे त्याच पानावर वरच्या ओळीत होते, ते त्यांनी घेतले नव्हते. मी ते दाखवले तर म्हणाले, "मॅडम, मला निष्कर्ष द्या, उतारा नको."

कॅन्टीनमध्ये मग व्हायचे तेच झाले. "नाना, आज पिचकारी कोणत्या रोलवर?" एकाने विचारले. "सतराव्या मीटरवर. तू आडवा ऱ्हा," नाना म्हणाले, आणि हशा त्यांच्या बाजूने गेला. हे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्तर देणे सोडले आणि बडीशेपेची पुडी घरी ठेवून येऊ लागले. मग लोक म्हणाले, बघा, पुडी बंद झाली आणि डागही बंद झाले.

डाग खरोखर बंद झाले होते. सोड्याची धुलाई झाली की एखादा दिवस ते येत आणि हळूहळू फिके होऊन नाहीसे होत. हे धुलाईच्या तारखांशी जुळते, हे दोन वह्या शेजारी ठेवल्या असत्या तर दिसले असते. मी ते पाहिले नाही, कारण माझ्याकडे डागांची वही होती, धुलाईची नोंद दुसऱ्या वहीत, दुसऱ्या कपाटात, आणि किल्ली तिसऱ्याकडे. ती किल्ली मिळवायला मला चार दिवस लागले. किल्ली ज्याच्याकडे होती तो रोज म्हणे, "देतो ना, मॅडम," आणि रोज भुसावळची गाडी पकडायला निघून जाई.

दरम्यान पुढची धुलाई झाली, डाग परत आले आणि त्या वेळी नाना योगायोगाने रजेवर होते. मला वाटले, आता तरी प्रश्न मिटला. साहेब म्हणाले, "जुनं बाहेर पडत असेल." नाना परतल्यावर त्यांना हे कळले. आमच्याशी ते एरवी प्रमाण मराठीत बोलत. त्या दिवशी घरच्या अहिराणीत बोलले.

"बठ्ठा लोके मन्हा तोंडकडे देखतस, मॅडम," ते म्हणाले. "हाऊ डाग मन्हा नही शे. तुमले तरी खरं वाटस का?"

मला खरे वाटते, असे मी म्हणाले. "मग लिहा ना तसं," ते म्हणाले. "तुमी लिखं तेच चालस आठे."

इतके दिवस मी नियमित अंतराचा विचार करत होते. ते वाक्य ऐकल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आले की, नानांना यंत्रावरून काढणारी गोष्ट साहेबांची समजूत नव्हती, माझी ओळ होती. ती चूक असेल तर कुठे चूक आहे, हे मलाच शोधायचे होते.

नमुने परत पाहायला घेतले तर नमुनेच नाहीसे झालेले. म्हणजे कागद होते, त्यांवरचे डाग नव्हते. प्रयोगशाळेच्या पश्चिमेच्या खिडकीत मी ते ओळीने चिकटवून ठेवले होते, आणि आमच्याकडचे ऊन कसे असते ते सांगायला नको. कपाटातला एकच नमुना तसाच तांबूस होता. साहेब नेमके तेव्हाच आत आले, खिडकीतले कोरे कागद पाहून म्हणाले, "मॅडम, डाग कुठे आहेत?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले.

मी खुर्चीवर बसले. उन्हात कोणता डाग उडतो? गंज उडत नाही. तेल उडत नाही. तंबाखूचा डाग मी सासऱ्यांच्या धोतरावर वर्षानुवर्षे पाहिला आहे. तोही असा उडत नाही. उन्हात घातले की उडतो तो डाग एकच, आणि पांढऱ्या कपड्यावर वरणाचे शिंतोडे पडलेली कोणतीही बाई तो जाणते.

कपाटातल्या नमुन्यावर मी लिंबू पिळले. डाग पिवळा झाला. त्यावर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला. लालभडक. हळद आम्लात पिवळी, अल्कलीत लाल. हा प्रयोग मी अकरा वर्षे, वर्षातून दोन तुकड्यांना, फळ्यावर तक्ता काढून शिकवला होता. फेल्टमध्ये मुरलेली हळद साध्या पाण्याला दाद देत नव्हती. सोडा लागला की विरघळून लाल होई आणि ओल्या कागदावर उतरे.

मग अंतर का जुळत नव्हते? याचे उत्तर सापडायला पाच मिनिटे लागली, आणि ती पाच मिनिटे मला फार लांब वाटली. फेल्टवरून एकवीस मीटर कागद निघतो, पण पाते त्याला खरवडून चुण्या पाडते, तेव्हा तो आखडतो. मी जमिनीवर चुण्यांचा कागद मोजला होता. कागदाची एक पट्टी घेतली, तिच्यावर ब्याऐंशी सेंटिमीटरवर दोन खुणा केल्या आणि चुण्या उलगडेपर्यंत हलके ताणली. खुणांमधले अंतर बरोबर एक मीटर झाले. सतरा मीटर वीसला याच हिशोबाने ताणले की एकवीस मीटर होते, एक बोटभर कमी. फेल्टची लांबी. विद्यार्थ्यांना जी गोष्ट मी स्वतः समजावून सांगते, ती मोजताना मीच वगळली होती.

त्या दुपारी यंत्र थांबवायला लावून फेल्टची निळी रेघ समोर आणवली. रेघेवर, मधोमध, सोड्याने लाल झालेल्या चार बोटांच्या खुणा होत्या. मी माझा हात त्यांच्यावर ठेवला नाही. ठेवायची गरज नव्हती. नाना शेजारी उभे होते. त्यांनी खुणा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिले.

"किनारीले लावायची होती," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुमी विचारं नही." मग मराठीत म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं. मीच मस्करी केली."

मी नोंदवहीत नवे पान घेतले. मागची ओळ खोडली नाही, कारण खोडाखोड केली की वही खोटी ठरते. तिच्या शेजारी लाल शाईने लिहिले की, हे अनुमान चूक आहे, मोजताना चुण्यांचा आखड धरलेला नाही. डाग हळदीचा असून फेल्टमधून येतो. हळद प्रयोगशाळेच्या कर्मचारी बाईने, म्हणजे मी, फेल्टच्या मध्यावर लावली. ओल्या बाजूच्या प्रमुखांचा यात काही दोष नाही. साहेबांनी ते वाचले आणि पहिली गोष्ट म्हणाले ती अशी:

"हळद असं लिहू नका. ग्राहक हसतील. बाह्य रंगद्रव्य लिहा."

"बाह्य रंगद्रव्यात तंबाखूही येते, साहेब."

"आता कोण तंबाखू म्हणतंय?"

"तुम्ही. नऊ दिवस."

आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी ग्राहकाच्या पत्रात बाह्य रंगद्रव्य गेले आणि मालकांच्या तक्त्यात हळद. तक्त्यात "माणूस" ही चौकट मात्र खोडली गेली नाही. साहेबांनी तिच्यात नानांच्या हुद्द्याऐवजी माझा हुद्दा लिहिला. त्याला मी हरकत घेतली नाही. ते बरोबर होते.

नाना यंत्रावरच राहिले. फेल्टही तेच राहिले. काही आठवडे सोड्याऐवजी सौम्य साबणाने धुतले आणि डाग विरत गेले. नव्या फेल्टला हळद लावू नये, असा फलक साहेबांनी लावला आहे. नानांनी तो वाचला आणि "बरं" म्हणाले. त्यावर मी जास्त काही विचारले नाही.

परंतु प्रकरण संपले असे मला म्हणता येत नाही, आणि हे टिपण त्यासाठीच लिहिले आहे. कॅन्टीनमध्ये अजूनही कोणी तरी म्हणते, "हळद होती म्हणे," आणि शेवटचा शब्द असा उच्चारते की ऐकणाऱ्याने दुसरेच समजावे. मॅडमनी म्हाताऱ्याला वाचवले, असाही एक समज आहे. माझी जुनी ओळ सगळ्यांनी न तपासता खरी मानली. नवी ओळ न तपासता खोटी मानतात. नाना आता कोणाशी वाद घालत नाहीत. पुडी त्यांनी परत खिशात ठेवलेली नाही.

म्हणून माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवा, असे मी म्हणत नाही. पांढऱ्या कागदी नॅपकिनवर ओल्या हळदीचे बोट लावा, वाळू द्या, त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि रंग कशासारखा दिसतो ते पाहा. मग त्याचे दोन तुकडे करून एक उन्हात ठेवा, एक कपाटात. चुण्या असलेल्या दुसऱ्या नॅपकिनवर पेन्सिलीने दोन खुणा करा, हलके ताणा, आणि अंतर आधी व नंतर मोजा. एवढे स्वतः करून पाहावे, ही विनंती.